महालक्ष्मीचं तोंड का उतरतं?

(हट्टा येथे गणेशोत्सवातील स्मृती व्याख्यानमालेत दिलेलं व्याख्यान. पडद्यावर दाखवलेल्या गोष्टींचा उल्लेख कंसात केला आहे.)



परवा घरोघरी महालक्ष्म्या, म्हणजे तीन दिवस माहेरी येणाऱ्या गौरी, जेवल्या, काल उठल्या. सोळा भाज्या निवडून निवडून हात अजून हिरवे आहेत. अशा संध्याकाळी, वाटलं तर पाय पसरून पडायचं सोडून, इतकी माणसं एका पोरीचं कम्प्युटरचं बोलणं ऐकायला आली, याचं श्रेय ज्यांच्या स्मृतीची ही व्याख्यानमाला आहे त्या सरांचं आहे. सर आम्हाला चित्रकला शिकवायचे. एलिमेंटरी, इंटरमिजिएटच्या परीक्षांना आमच्या पेन्सिली तेच तासून द्यायचे. आज जे सांगणार आहे त्याची सुरुवातही त्यांच्यापासूनच आहे.

मी पाचवीत असेन. आमच्या घरच्या महालक्ष्म्यांचे मुखवटे पितळेचे, आजीच्या सासूच्या वेळचे. तिसऱ्या दिवशी दुपारी आजी देवघराच्या उंबऱ्यात बसायची आणि म्हणायची, "बघ गं, लेकींचं तोंड कसं उतरलंय. निघायचं म्हटलं की असंच." दरवर्षी हेच. तुमच्याही घरी हेच म्हणतात, मला माहीत आहे. त्या वर्षी मी शिवणाच्या डब्यातला दोरा घेतला. महालक्ष्म्या बसल्या त्या दिवशी, कुणी नाही असं बघून, डोळ्याच्या कोपऱ्यापासून ओठाच्या कोपऱ्यापर्यंत दोरा धरला आणि तेवढ्यावर गाठ मारली. तिसऱ्या दिवशी तोच दोरा पुन्हा लावला. गाठ जिथल्या तिथं. तोंड सुतभरही उतरलेलं नव्हतं. पण मान वर करून बघितलं, तर आजी म्हणत होती ते खरंच दिसत होतं.

तो दोरा घेऊन मी सरांकडे गेले. सरांनी गाठ बघितली, हसले नाहीत. म्हणाले, "दोरा बरोबर आहे. तुझी आजीपण बरोबर आहे. दोघं कसे बरोबर, ते बघत बस."

मी अजून तेच बघत बसले आहे. फक्त त्याचा आता पगार मिळतो.

माझा धंदा काय, हे माझ्या आईला शेजारणीला सांगता येत नाही. "कार्टून काढते" म्हणते. पण मी चित्र काढत नाही आणि ते हलवतही नाही. संगणकात बाहुली घडवणारा वेगळा, त्याला मॉडेलर म्हणतात. ती हलवणारा वेगळा, तो ॲनिमेटर. या दोघांच्या मधे बसून मी बाहुलीला दोऱ्या बांधते. या कामाला रिगिंग म्हणतात, आणि बांधून झालेल्या दोऱ्यांच्या गुंत्याला रिग. आपल्या 'कळसूत्री' या शब्दात कळही आहे आणि सूत्रही आहे. खेळात नाव होतं ते सूत्र ओढणाऱ्याचं. कळ कुठे बसवायची हे ज्यानं ठरवलं तो पडद्याआड असतो. मी त्या पडद्याआडची.

या दोऱ्यांची परंपरा आपल्या महाराष्ट्रात जुनी आहे. सिंधुदुर्गात कुडाळजवळ पिंगुळी गाव आहे. तिथला ठाकर समाज चित्रकथी, कळसूत्री बाहुल्या आणि चामड्याच्या बाहुल्या हे तिन्ही खेळ पिढ्यान्‌पिढ्या करत आला. त्यातल्या परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली. चामड्याची बाहुली कापडी पडद्यामागे दिव्याच्या उजेडात धरतात. बाहुली हलते, डुलते. चेहरा मात्र कापून ठेवलेला, जन्मभर तसाच. आणि तरी रावण गरजतो, सीता रडते. का? गाणारा रडतो म्हणून, आणि बघणारा त्याला साथ देतो म्हणून.

मग चेहरा हलू लागला. यशवंत पाध्ये यांनी १९१६ साली 'अर्धवटराव' हा बोलका बाहुला घडवला. त्याला घेऊन १९६७ पासून रामदास पाध्ये रंगमंचावर उभे राहिले. १९९३ साली 'झपाटलेला' हा चित्रपट आला, आणि रामदास पाध्यांनी घडवलेल्या तात्या विंचू या बाहुल्यानं आमच्या पिढीची झोप उडवली. कापूस, लाकूड, रबर, तारा आणि आत माणसाचा हात, एवढ्यावर ते चाललं होतं. संगणकातला चेहरा त्या मानानं तरुण. अमेरिकेतल्या युटा विद्यापीठात फ्रेडरिक पार्क नावाच्या विद्यार्थ्यानं १९७२ साली बहुभुज जोडून चेहरा उभा केला आणि तो हलवून दाखवला. आज माझ्या लॅपटॉपवर जे आहे ते त्याचंच पणतवंड.

(पडद्यावर एका म्हातारीचा चेहरा: करडा, रंग न दिलेला.)

हिचं नाव ठकी. ठकी म्हणजे आपल्याकडची जुनी लाकडी बाहुली. तिचे नाक-डोळे रंगवलेले असायचे, हलायचं काही नाही. ही मात्र हलते. जवळून बघा, हिचा चेहरा म्हणजे चौकोनांची जाळी आहे. जाळीच्या ओळी कपाळावर आडव्या आहेत, पण डोळ्याभोवती आणि तोंडाभोवती त्या गोल फिरतात, विहिरीच्या कड्यांसारख्या. कारण डोळा आणि तोंड मिटवणारे आपले स्नायूही गोलच आहेत. जाळी वेडीवाकडी असली तर पुढे कितीही दोऱ्या बांधा, हसताना गाल चुरगळलेल्या धोतरासारखा दिसतो.

दोऱ्या बांधायच्या दोन रीती आहेत. पहिली हाडांची. जाळीच्या आत एक काल्पनिक हाड ठेवायचं, आणि जाळीतल्या कुठल्या बिंदूनं त्या हाडाचं किती ऐकायचं हे रंगवून सांगायचं. मी ब्लेंडर वापरते, त्यात लाल म्हणजे पूर्ण ऐकणारा, निळा म्हणजे मुळीच न ऐकणारा, मधे पिवळा आणि हिरवा. आता जरा सगळ्यांनी एक करा. कानाच्या पुढं, कल्ल्यापाशी बोट ठेवा आणि तोंड उघडा. खड्डा पडला? जबड्याची बिजागरी तिथं आहे, ओठांपाशी नाही. नवशिका रिगर हाड तोंडात ठेवतो आणि बाहुलीची हनुवटी कपाटाच्या खणासारखी बाहेर येते. हाड कानापाशी ठेवलं की हनुवटी खाली जाता जाता किंचित मागंही जाते, आणि ठकी सुपारी चघळते आहे असं वाटायला लागतं.

दुसरी रीत साच्यांची, तिला शेप की म्हणतात. ठकीच्या चेहऱ्याची आणखी एक प्रत घडवायची, ओठांचे कोपरे वर ओढलेली. मूळ चेहरा म्हणजे शून्य, ओढलेला म्हणजे एक. मधल्या अवस्था संगणक भरतो. सोपं वाटतं ना? मलाही वाटलं होतं. मी ठकीची उघडी पापणी घडवली, मिटलेली घडवली, शून्यावर बघितलं, एकावर बघितलं, छान. मग अर्ध्यावर आणलं.

(पडद्यावर: अर्धी मिटलेली पापणी. बुबुळ पापणीतून आरपार बाहेर आलेलं. सभागृहात हशा.)

हसा. मी मात्र घाबरले होते. झालं असं की संगणक मधली वाट भरतो ती सरळ रेषेत. पापणीचा प्रत्येक बिंदू वरून खाली नाकासमोर चालत जातो. पण डोळा गोल आहे. सरळ वाट डोळ्याच्या पोटातून जाते. टोकं दोन्ही बरोबर होती, चुकीचा होता तो मधला प्रवास. म्हणून अर्ध्या वाटेवर तिसरा साचा ठेवावा लागतो, पापणीला डोळ्याच्या फुगवट्यावरून वळसा घालून नेणारा. किंवा डोळ्याच्या मध्यातून एक हाड काढून पापणी त्यावर झुलवावी लागते, घराच्या दाराची कडी कोयंड्यावर फिरते तशी. सर म्हणायचे, डोळा काढू नका, आधी सुपारीएवढा गोळा काढा आणि मग त्यावर कातडं पांघरा. परीक्षेला ते कधी कामाला आलं नाही. वीस वर्षांनी आलं.

पापणीची आणखी एक गंमत. शेजारणीला सांगा, माझ्या डोळ्यांकडे बघ, आणि तुम्ही हळूच खाली जमिनीकडे बघा. बुबुळ खाली गेलं की वरची पापणी त्याच्या मागोमाग उतरते, ओढणी धरून चालणाऱ्या पोरासारखी. आपण तिला सांगत नाही, ती जातेच. बाहुलीत हे आपोआप होत नाही, तिथं बुबुळाची दोरी पापणीला बांधावी लागते. बांधली नाही, तर ठकी नुसती खाली बघते तेव्हा बुबुळाच्या वर पांढरं दिसतं आणि म्हातारी भुताला बघितल्यासारखी दिसते. बघा, भाव भीतीचा आला आणि मी भीतीची एकही दोरी ओढलेली नाही. दोन अवयवांतलं नातं तुटलं, एवढंच झालं.

आजच्या व्याख्यानातलं एकच वाक्य घरी न्यायचं असेल तर हे न्या: भाव अवयवात नसतो, तो दोन अवयवांच्या नात्यात असतो. रिगर ती नाती बांधतो.

कुठली कळ ओढली की काय दिसतं, हे आपल्या भाषेला फार आधीपासून ठाऊक आहे. नाक मुरडणं, भुवया उंचावणं, कपाळाला आठ्या घालणं, डोळे वटारणं, गाल फुगवणं, ओठ काढणं, दातओठ खाणं, तोंड वेंगाडणं. एकेका हालचालीला एकेक नाव दिलेलं आहे. पॉल एकमन आणि वॉलेस फ्रिसन या दोन अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी १९७८ साली चेहऱ्याच्या हालचालींची एक वही तयार केली. कुठला स्नायू आखडला की कातडीवर काय दिसतं, त्याला एक क्रमांक. भुवया खाली ओढल्या की चार नंबर, पापणी वर ताणली की पाच, नाक मुरडलं की नऊ, ओठांचे कोपरे वर गेले की बारा. जगभरातले रिगर आज हीच वही उशाशी घेऊन झोपतात. मी ती पहिल्यांदा वाचली तेव्हा हसू आलं. माझ्या आजीला ते क्रमांक माहीत नव्हते, पण चार आणि नऊ एकत्र कधी करायचे, हे सून समोर आली की तिला बरोबर ठाऊक असायचं.

त्याच्याही फार आधीची वही आपल्याकडे आहे. भरताच्या नाट्यशास्त्राचा आठवा अध्याय बहुतेक सगळा मानेच्या वरच्या भागाचा आहे. डोक्याच्या हालचाली १३, दृष्टी ३६, बुबुळांच्या हालचाली ९, पापण्यांच्या ९, भुवयांच्या ७, नाकाच्या ६, गालांच्या ६, खालच्या ओठाच्या ६, हनुवटीच्या ७. दुसरं कुणी याला काव्यशास्त्र म्हणेल, मला ती रिगची यादी दिसते. आणि यादीचा क्रम बघा: पहिलं डोकं. डोळे नंतर.

हा क्रम मला फार उशिरा कळला. आधी मला वाटायचं, चेहरा म्हणजे ओठ आणि डोळे, मान काय, आपली आधाराला. आपल्या जिल्ह्यातल्या माणसानं तरी ही चूक करायला नको होती. औंढ्याच्या नागनाथाची कथा आपण सगळे ऐकत आलो. नामदेवांना देवळासमोर कीर्तन करू दिलं नाही, ते मागच्या बाजूला जाऊन उभे राहिले, आणि देऊळ फिरलं. नागनाथानं डोळे उघडले नाहीत, तो हसला नाही, बोलला नाही. त्यानं तोंड वळवलं. एवढंच. रागाला 'तोंड फिरवलं' म्हणतो आणि कृपेलाही तोंड फिरवणंच पुरतं, फरक फक्त कुणापासून आणि कुणाकडे एवढाच. तेव्हापासून मी रिग बांधायला घेतली की पहिली मान बांधते. मानेनंच जे सांगून होतं ते ओठांना सांगायला लावत नाही.

आता ओठांकडे येऊ. तिथं आपल्याला एक आयतं घबाड मिळालेलं आहे: आपली वर्णमाला. कंठ्य, तालव्य, मूर्धन्य, दंत्य, ओष्ठ्य. शाळेत घोकलेलं हे कोष्टक म्हणजे तोंडाचा नकाशा आहे, घशापासून निघून ओठांपर्यंत आलेला. रिगरच्या दृष्टीनं त्यातला सगळ्यात मोलाचा वर्ग शेवटचा, प फ ब भ म. क म्हणताना ओठ काय करतात ते कुणी बघत नाही. पण 'बाबा' म्हणताना ओठ मिटले नाहीत तर लहान पोरसुद्धा सांगेल की बाहुली खोटं बोलतेय. बाकीची अक्षरं चुकली तर चालतात, ही पाच चुकून चालत नाहीत.

गंमत अशी की शब्दभ्रमकाराचं दुखणं नेमकं उलटं. मांडीवरच्या बाहुलीचा जबडा उघडतो-मिटतो, बोलतो मात्र तो स्वतः, आणि तेही ओठ न हलवता. क, त, ल ओठ न हलवता म्हणता येतात. करून बघा. पण 'मामा' म्हणा. अडलात? ती पाच अक्षरं काढायला त्याला जिभेकडून ओठांचं काम करून घ्यावं लागतं, आणि त्याचा सगळा रियाज तिथं जातो. म्हणजे ज्या पाच अक्षरांशी तो आयुष्यभर झगडतो, त्याच पाच अक्षरांशी मी झगडते. त्याला ओठ मिटू द्यायचे नसतात, मला मिटवायचे असतात.

आणखी एक बारकावा. 'चार' म्हणा, आणि मग 'चारा' म्हणा. अक्षर एकच, पण जीभ दोन ठिकाणी टेकते. परदेशात बनलेल्या तयार साच्यांत हा दुसरा च नसतो, आपला ळ नसतो. मराठी बोलणारी बाहुली बांधायची तर ते साचे आपल्यालाच घडवावे लागतात. मी आरसा समोर ठेवून घडवले. शेजारच्या फ्लॅटमधल्या बाईंनी एकदा विचारलं, "ताई, बरं आहे ना?" मी आरशात बघून "केळं, बाळ, खळं" करत होते.

आता माझी एक फजिती सांगते, कारण व्याख्यानात नुसता शहाणपणा बरा नाही. पुण्यातल्या एका स्टुडिओत पहिलंच मोठं काम मिळालं. एका म्हाताऱ्या शेतकऱ्याचा चेहरा. मी जिद्दीला पेटले. प्रत्येक सुरकुतीला दोरी. डावी नाकपुडी वेगळी, उजवी वेगळी. खालच्या ओठालाच नऊ. सगळे मिळून १४० कंट्रोल. छाती फुगवून ॲनिमेटरच्या हातात दिला. तो मोठा माणूस, शांत. त्यानं अर्धा तास खटपट केली, मग खुर्ची माझ्याकडे वळवली आणि विचारलं, "यातलं रडू कुठंय?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. रडू १४० ठिकाणी पसरलेलं होतं. एक थेंब काढायला त्याला साठ दोऱ्या ओढाव्या लागणार, आणि साठावी ओढेपर्यंत पहिलीला काय वाटत होतं ते तो विसरणार. माझा चेहरा बाजूला ठेवला गेला. पंधरा दिवस मी कुणाशी नीट बोलले नाही.

मग पुन्हा बांधला. या वेळी सरांची एक जुनी गोष्ट आठवली. आम्ही व्यक्तिचित्र काढलं की सर चित्राच्या खालच्या अर्ध्या चेहऱ्यावर तळहात ठेवायचे आणि वर्गाला विचारायचे, "हसायलाय का रडायलाय?" नुसते डोळे दिसत. सांगता आलं तर चित्र पास. मग हात वर घ्यायचे, डोळे झाकायचे, तोंड उघडं ठेवायचे. "आता?" बहुतेक वेळा आमची तोंडं हसत असत आणि डोळे परीक्षेला बसलेले असत. दुशेन नावाच्या फ्रेंच डॉक्टरानं १८६२ साली छापलेल्या पुस्तकात हेच सांगितलेलं आहे, हे मला नंतर समजलं. तो विजेच्या झटक्यानं माणसाच्या चेहऱ्याचे स्नायू आखडवून बघायचा. ओठांचे कोपरे वर नेणारा स्नायू आपण ठरवून हलवू शकतो. डोळ्याभोवतीचा जो स्नायू गाल वर उचलतो, तो मनापासून हसलं तरच सहसा येतो. सरांनी विजेशिवाय, एका तळहातावर भागवलं.

म्हणून नवीन रिगमध्ये मी दोऱ्या एकमेकींना बांधल्या. ओठांचा कोपरा वर नेला की गाल थोडा आपोआप फुगेल, खालची पापणी किंचित वर येईल, नाकापासूनची घडी खोल होईल. पण पूर्ण नाही. थोडंसंच. बाकीचं ॲनिमेटरनं स्वतः ओढायचं. कारण खोटं हसणंही करता आलं पाहिजे. नाटकात खोटं हसणारी माणसंच जास्त. रिगरची खरी कसोटी इथं आहे: किती बांधायचं आणि किती सुटं ठेवायचं. सगळं बांधलं तर बाहुली सगळ्यांकडे बघून एकसारखी हसते, लग्नाच्या फोटोतल्या व्याह्यांसारखी. सगळं सुटं ठेवलं तर रडू सापडत नाही. १४० चे ३४ कंट्रोल झाले. त्या ॲनिमेटरनं या वेळी अर्ध्या तासात म्हाताऱ्याला रडवलं. मीही थोडी रडले, पण ते कुणाला दिसलं नाही.

आता कुणी म्हणेल, बाई, हे सगळं कशाला? हल्ली फोन चेहऱ्यासमोर धरला की बाहुली आपल्यासारखी तोंडं करते. खरं आहे. २०१७ पासून आयफोन माणसाच्या चेहऱ्याच्या पन्नासहून अधिक हालचाली ओळखून आकड्यांत देतो. पण आकडे म्हणजे ओढणारा हात. दोऱ्या तरीही कुणीतरी बांधाव्याच लागतात, आणि त्या माझ्या बांधणीइतक्याच चांगल्या चालतात. शिवाय माणसाचा चेहरा जसाच्या तसा उचलून बाहुलीवर चिकटवला तर एक विचित्र गोष्ट होते. मासाहिरो मोरी या जपानी अभियंत्यानं १९७० साली लिहून ठेवलं की बाहुली माणसासारखी होत जाते तशी ती आपल्याला आवडत जाते, पण अगदी माणसाच्या उंबऱ्यापाशी आली की एकदम नकोशी होते. तात्या विंचू भीतिदायक वाटायचा तो दुष्ट होता म्हणून. हुबेहूब माणूस होता होता राहिलेली बाहुली काही न करताच भीती दाखवते. तिच्यात पाहणाऱ्यासाठी जागा उरलेली नसते. पिंगुळीच्या चामड्याच्या बाहुलीत ती जागा भरपूर होती, म्हणून तर सीता रडायची.

इथं बसलेल्या पोरापोरींनो, तुमच्यासाठी दोन वाक्यं. ब्लेंडर फुकट आहे, २००२ पासून त्याचा सगळा सोर्स कोड जगाला खुला आहे, आणि ते शिकायला पुण्याला जावं लागत नाही. पण त्याआधी घरातला आरसा घ्या आणि आजीची नक्कल करा. ती नाक मुरडते तेव्हा भुवई आधी हलते की नाक, हे तुम्हाला सांगता आलं तर तुम्ही निम्मे रिगर झालात.

आता दोऱ्याची गाठ सोडवते.

काल मी पुन्हा मोजलं. आजी नाही, देवघराच्या उंबऱ्यात आता आई बसते. तिनं म्हटलंच, "तोंड उतरलंय बघ." या वर्षी मी शिवणाचा दोरा घेतला नव्हता. गवंड्याचा ओळंबा आणला होता. महालक्ष्म्या बसल्या त्या संध्याकाळी कपाळाच्या मध्यावरून ओळंबा सोडला होता आणि हनुवटी त्याच्यापासून किती आत आहे ते भिंतीवर पेन्सिलीनं मांडून ठेवलं होतं. काल पुन्हा सोडला. कपाळ जवळजवळ एक बोट पुढं आलेलं होतं.

तुम्ही ओळखलं असेल. आपल्या महालक्ष्म्यांचं अंग असतं साड्यांचं. कोठीवर, तिवईवर कापड भरून, निऱ्या घालून आपण त्यांना उभं करतो. दोन दिवसांत कापड बसतं. दागिन्यांचा, हारांचा भार पुढं येतो. मुखवटा हलकेच खाली झुकतो. आणि मुखवटा झुकला की कपाळाची सावली डोळ्यांवर येते. जपानच्या नो नाटकात लाकडी मुखवटा घालून नट हेच जाणूनबुजून करतो. मान वर केली की मुखवटा 'उजळतो' म्हणतात, खाली केली की 'ढगाळतो'. आपल्या घरात ते साड्या करतात. मी लहानपणी डोळ्यापासून ओठापर्यंत मोजलं, एकाच चेहऱ्यातलं अंतर. बदललं होतं ते मानेचं आणि जमिनीचं नातं. दोरा बरोबर होता, चुकीच्या जागी लावला होता.

पण सरांनी विचारलं होतं, दोघं कसे बरोबर. नुसत्या मानेनं आजीचं पूर्ण उत्तर मिळत नाही. तोच झुकलेला मुखवटा एखाद्या दुकानात दिसला असता तर आजी म्हणाली असती, "नीट बसवला नाही." घरात ती म्हणाली, "लेकींचं तोंड उतरलंय." कारण ती स्वतः कधीतरी लेक म्हणून एका घरातून निघालेली होती. एक बोट मान कापडानं झुकवली, उरलेलं सगळं आजीनं भरलं. मी रोज जे काम करते, ते फार तर त्या एका बोटाचं आहे.

शेवटचं. काल उत्तरपूजा झाली, आणि रीतीप्रमाणे आईनं मुखवट्यांना हात लावून जागेवरच किंचित हलवलं. आपल्याकडे मूर्ती हलवली की तिच्यातलं देवपण निघून जातं, मग ती नुसती पितळ उरते. माझ्या धंद्यात नेमकं उलटं आहे. हलवेपर्यंत नुसती जाळी असते, हलवल्यावर कुणीतरी येतं. काल मी आईचा हात बघत होते. दोन बोटं, हनुवटीखाली, निजलेल्या लेकराला कूस बदलून देताना लावतात तशी. जास्त नाही, फार तर एक सूत. सर असते तर म्हणाले असते, एवढंच हलव, ठकीलाही.